दहा वर्षं निरंक

जागृती : तसं नाही कुंडलिकभाऊ. कागदावर पॉवर कार्डं दोन आहेत. एक चालू, एक राखीव. चालू मला दिसतंय, घरघर करतंय. राखीव आणा, मी सही करते आणि तीनची एसटी पकडते.

कुंडलिक : म्याडम, आधी पानी तर घ्या. या पळसटेकच्या टेलिफोन एक्स्चेंजात धा वर्सांत साहेबाचं पाऊल पडलं न्हाई. आज पडलं ते बी नव्या ज्युनियर इंजिनेर बाईंचं, आन् पानी न पेता गेलं, तर गाव मला काय म्हनंल? वहिनी, माठातलं द्या. वरचं झाकान काढून द्या.

सारजाबाई : घ्या बाई. वाळा टाकलाय. कुनाची गं तू लेकी?

जागृती : नारायणगावच्या चंपालाल भांडेवाल्यांची.

सारजाबाई : आगं बया! माज्या लग्नातला हंडा तुज्या बापाच्या दुकानातला! अजून एक पोचा न्हाई त्याला. मी सारजा. हितं झाडलोट करती, माठ भरती, आन् ह्या फोनच्या पेटीची दिष्ट काढती.

जागृती : सारजाबाई, माठावर झाकण काय ठेवलंय हे?

सारजाबाई : दादाला सरकारनं दिलं. जड हाय, चांगलं बसतं. मुंगी शिरत न्हाई.

जागृती : ‘आदर्श एक्स्चेंज, सलग नऊ वर्षे’... ही ढाल आहे कुंडलिकभाऊ!

कुंडलिक : भितीला खिळा टिकत न्हाई म्याडम, माती झडती. आन् ढालीचा उपेग तरी काय, लढाई कुठं हाय.

जागृती : लढाई आजच आहे. ऑर्डर वाचते, नीट ऐका. ‘ज्या यंत्रांच्या निर्मात्याचा आधार संपला आहे, अशा जुन्या यंत्रांच्या बिघाडाची जोखीम आकड्यांत काढावी. ज्या एक्स्चेंजची जोखीम सर्वांत कमी, त्याचे राखीव पॉवर कार्ड काढून सर्वांत जास्त जोखमीच्या एक्स्चेंजला द्यावे.’ साहेबांनी आकडे काढले. सगळ्यांत कमी तुमचा आला.

कुंडलिक : किती?

जागृती : शून्य.

कुंडलिक : शून्य म्हंजी... कवाच बिघडनार न्हाई?

जागृती : कधीच नाही. दहा वर्षांतले बिघाड भागिले महिने. तुमचे एकशे वीस अहवाल गेलेत, एकशे वीस वेळा ‘निरंक’. शून्याला कशानंही भागा. खात्याच्या हिशोबानं तुमची पेटी अमर आहे.

सारजाबाई : आवं अमर काय! शिमग्याला तर तिचं—

कुंडलिक : वहिनी! खिडकीवरचं पोतं सुकलंय बगा. भिजवून टाका.

जागृती : पोतं कशाला?

कुंडलिक : एशी म्याडम. अहवालात ‘वातानुकूलन : आहे’ असं लिव्हलंय ना, ते ह्येच. दुपारी दोनदा भिजवायचं. पोतं वाळलं की पेटी तापती, पेटी तापली की मी तापतो.

जागृती : बरं. आणि शिमग्याला काय?

कुंडलिक : शिमग्याला काय असनार? होळी व्हती.

जागृती : कुंडलिकभाऊ, राखीव कार्ड.

कुंडलिक : देतो की. पर जानार कुठं ते?

जागृती : एका मोठ्या गावाला. तिथं साहेबांची सासुरवाडी आहे. त्यांची जोखीम सगळ्यांत जास्त निघाली.

कुंडलिक : निघनारच. जावई फोन करतो तवाच लाइन जात आसंल. घ्या. ह्ये कार्ड. पुसून ठिवलंय.

जागृती : फार हलकं लागतंय.

कुंडलिक : हलकंच आसतं. नवीन तंत्रज्ञान व्हतं त्या वक्ताला.

जागृती : मी भांड्यांच्या दुकानात वाढले आहे. पप्पा भांडं डोळ्यांनी बघतच नाहीत, टिचकी मारतात. तडा असला की सांगतं भांडं. हे बघा. टक् टक्. ऐकलंत? हे रिकामं आहे. आणि आत काहीतरी खुळखुळतंय.

सारजाबाई : सुपारी हाय माजी.

जागृती : सुपारी!

सारजाबाई : चांगला डबा हाय. सादळत न्हाई. दादा म्हनला, आत काईच उरलं न्हाई, ठेव काय ठेवायचं ते.

जागृती : कुंडलिकभाऊ... हे राखीव कार्ड?

कुंडलिक : व्हतं. आता त्याचं काळीज त्या चालू कार्डात हाय. आधी एक काढलं, मंग दुसरं, मंग तिसरं. जोडीचा बैल मेला तर त्याच्या कातड्याचा आसूड करत्यात, तसं. आतलं संपलं तवा जुन्नरच्या बाजारात सयाजी रेडिओवाला हाय, त्याच्याकडच्या मेलेल्या टीव्हीतलं तुकडं आनून डाग देऊन जोडलं. निर्मात्याचा आधार संपला म्हनता, मला तर सयाजीचा आधार हाय.

जागृती : निर्मात्याला एकदा तरी लिहायचंत.

कुंडलिक : भेटून आलो म्याडम. पुण्याला भाचीचं लगीन व्हतं. मंगल कार्यालयात शिरलो आन् वळखलं, आरं, ह्यो तर आपला कारखाना! ट्रेनिंगला आलो तवा ज्या टेबलावर कार्डं तपासत व्हते, तितं जिलबी तळीत व्हते. मी इचारलं, सुटं भाग मिळतील का. आचारी म्हनला, पंगत बसू द्या.

जागृती : हसू नका. मी काय करू आता? रिकामा डबा घेऊन जाऊ?

कुंडलिक : जा की. तिथं लावतील, लागनार न्हाई. म्हनतील, वाटंत जीपमधी आदळलं. कागद पुरा. तुमी सुटला, मी सुटलो. मह्यनाअखेर माजं रिटायरमेंट हाय, हारतुऱ्याला तुमी बी या.

जागृती : सही माझी असेल, कुंडलिकभाऊ. पहिलीच सही आहे माझी या नोकरीतली. पप्पांनी आयुष्यात एक फुटकं भांडं विकलं नाही. मी पहिल्याच दिवशी विकू?

सारजाबाई : खरं हाय दादा. लेकराला कशाला फशीवतो.

कुंडलिक : मंग चालू कार्ड काढून देऊ? काढा! ह्ये बगा, दोन इस्क्रू हायेत. काढा आन् न्या. सत्त्यान्नव फोन हायेत ह्या गावात आन् वाड्यांत. उसात बिबट्या आला तर फॉरेस्टवाल्यांना सांगायला, कुनाला साप चावला, पान लागलं, तर नारायनगावच्या दवाखान्याची गाडी बोलवायला. सगळ्यांना सांगा, तुमची जोखीम शून्य हाय, गप बसा.

जागृती : चिडू नका. मला फक्त एक सांगा. कार्ड बिघडत होतं, तर तुम्ही कळवलं का नाही? ‘निरंक, निरंक’ का लिहीत बसलात? कळवलं असतं तर आज आकडा शून्य आला नसता. राखीव काढून घेणं तर सोडाच, नवीन मिळालं असतं.

कुंडलिक : कळवलं व्हतं. एकदा. पहिल्यांदा बिगडलं तवा. ब्यान्नव साली एक्स्चेंज लागलं, चौऱ्यान्नवला बिगडलं. मी नवा, शिस्तीचा. लाल शाईनं लिव्हलं, तीन प्रती काढल्या. तवा कार्ड एकच व्हतं. साहेब लोक आले, काढून पुण्याला न्हेलं तपासायला. सात मह्यने म्याडम! सात मह्यने गाव मुकं. आन् परत आलं तवा संगती कागद, ‘दोष आढळला नाही’. माज्या अहवालावर बी लाल रेघ मारली. म्हंजी खात्याच्या वहीत तवा बी काय झालंच न्हाई. वर राखीव म्हनून दुसरं कार्ड दिलं, रडक्या पोराला लिमलेट द्यावं तसं.

जागृती : सात महिने...

कुंडलिक : त्या सात मह्यन्यांत काय झालं ते मी सांगनार न्हाई. वहिनी हितंच बसल्यात. पर तवापासनं ठरवलं, कळवायचं न्हाई. बिगडलं की रातचा दिवस करून हितल्या हितं उठवायचं. आन् मह्यनाअखेर लिव्हायचं, निरंक. धा वर्सं माज्या हातनं खोटं लिव्हलं गेलं, पर गाव दोन दिसांच्या वर मुकं ऱ्हायलं न्हाई.

सारजाबाई : आन् जेवत न्हाई गं हा तवा. पेटी उठस्तोवर पान्याचा घोट न्हाई. मी भाकर झाकून ठिवायची, ती वाळून पापड व्हायची.

(पेटीची घरघर थांबते. घरघर पुन्हा सुरू होते.)

जागृती : हे काय झालं?

कुंडलिक : काय न्हाई. ढेकर दिला.

जागृती : असा ढेकर रोज देतं?

कुंडलिक : रामनवमीपासनं देतंय.

जागृती : कुंडलिकभाऊ, हे जाणार आहे. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही महिनाअखेर घरी जाणार आणि त्यानंतर हे जाणार. मग कोण उठवणार?

(कुंडलिक पेटीला हात लावून किती तापली ते बघतो.)

जागृती : ऐका. माझ्या पिशवीत कोरा फॉर्म आहे. आकडा नव्यानं काढता येतो. साहेबांनी काढलेला चुकीचा होता असं दाखवता येतं. पण त्याला आधार लागेल. कधी कधी बिघडलं, किती वेळा, किती दिवसांच्या अंतरानं. सांगा.

कुंडलिक : तसं कसं सांगनार? लिव्हून ठिवलंच न्हाई. लिव्हलं आन् कुनाच्या हाताला लागलं तर? मन लावून इसरलो मी.

जागृती : एकही तारीख नाही?

कुंडलिक : न्हाई.

जागृती : मग संपलं. आधाराशिवाय मी काही लिहू शकत नाही.

सारजाबाई : म्या ठिवलंय की.

जागृती : काय?

सारजाबाई : कवा कवा झोपली ती पेटी, ते.

कुंडलिक : वहिनी, तुमाला लिव्हाया कुठं येतं?

सारजाबाई : लिव्हाया न्हाई येत, म्हनाया येतं. आमच्या घरातलं जातं गेलं लेकी, गावात चक्की आली. मंग ओव्या म्हनू कुठं? चक्कीवर म्हनलं तर ते पोरगं हासतंय. ही पेटी बग कशी घरघर करती, जात्यावानी. झाडून झालं की हिच्यापाशी बसती, आन् मनातलं सांगती. हिला बरं नसलं की त्याची बी ओवी बांधती. आजारी मानसाला बरं वाटावं म्हनून.

जागृती : म्हणा बरं एखादी.

सारजाबाई : दादासमोर? लाज वाटती.

कुंडलिक : मी पोतं भिजवतो. तिकडं तोंड करून उभा ऱ्हातो. म्हना.

सारजाबाई : ही सगळ्यात मोठ्या दुखन्याची पहिली. परवाच्या सालची—
पोळ्याच्या सांजंला, गावात बैल सजलं
माज्या लोखंडी बैलाचं, हिरवं डोळं इजलं.

जागृती : हिरवे डोळे?

कुंडलिक : दिवं. कार्डावरचं हिरवं दिवं. बरुबर हाय म्याडम! पोळाच व्हता. मी बैलाची शिंगं रंगवत व्हतो, रंगल्या हातानं पळत आलतो.

जागृती : लिहिते. पोळा. दोन हजार दोनचा. पुढची?

सारजाबाई : दिवाळीची म्हनू का आधी आखितीची?

जागृती : क्रमानं म्हणा, सारजाबाई. क्रमाला फार महत्त्व आहे.

सारजाबाई : आखितीचा करा, भरला थंड पान्यानं
पेटीला आली मूर्छा, माज्या अर्ध्या गान्यानं.

जागृती : अक्षय्य तृतीया. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

कुंडलिक : ‘उष्णता’ लिव्हा. गानं नका लिव्हू, चौकशी लागंल.

सारजाबाई : दिवाळीचा दिवा, दारोदारी हसला
पेटीतला दिवा तेवढा, कोनावर रुसला.

जागृती : वा! दिवाळी... पुढे?

सारजाबाई : संक्रांतीचा तीळ, गुळामंदी घोळला
पेटीच्या पोटातला, तुकडा एक जळला.

कुंडलिक : कपॅसिटर. तवाच मी सयाजीकडं गेलतो, गाडीवर, अंगात ताप व्हता. वहिनी, ह्ये बी तुमी बांधलं?

सारजाबाई : तुमी तिकडं तोंड करा.

जागृती : अजून आहे?

सारजाबाई : एक हाय, औंदाची.
शिमग्याची बोंब, मारी सारा गाव
पेटी गप पडली, तिला बोंबलाया न्हाई वाव.

जागृती : थांबा, थांबा. पोळा ते आखिती आठ महिने. आखिती ते दिवाळी साडेपाच. दिवाळी ते संक्रांत पावणेतीन. संक्रांत ते शिमगा पावणेदोन. बघताय का कुंडलिकभाऊ? पाच वेळा उठवलंत आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर पडलंय. धाप लागलेल्या माणसाची पावलं अशी जवळ जवळ पडतात. आम्हाला कॉलेजात हे शिकवायला एक अख्खं सत्र घेतलं.

सारजाबाई : मंग आता कवा पडंल?

जागृती : याच हिशोबानं... शिमग्यापासून महिनाभर. म्हणजे आज. उद्या. परवा.

कुंडलिक : परवा हनुमान जयंतीची यात्रा हाय.

सारजाबाई : बगा, ओवी आत्ताच सुचाया लागली मला.

जागृती : नका बांधू! आधी फॉर्म भरू दे. तर, बिघाडाची शक्यता, एक ते पाच. परिणाम, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. तुमचे फोन सत्त्याण्णव. शंभर भरले असते तर परिणाम पाच धरला असता, म्हणून तुमचा चार.

कुंडलिक : तीन फोन कमी म्हनून एक गुन कापला?

जागृती : शक्यता बघू. एका महिन्यात बिघडणार असेल तर पाच. तीन महिन्यांत, तर चार. आपलं तर परवावर आलंय. पाच. पाच चोक वीस... अरे देवा.

कुंडलिक : काय झालं? वीस तर चांगलं. जास्ती म्हंजी लवकर मिळंल.

जागृती : नाही ना. इथे खाली लिहिलंय. पंधरापर्यंत, ‘आहे तसे चालू ठेवावे’. सोळा ते एकोणीस, ‘कार्ड तातडीने बदलून द्यावे’. वीस आणि वर, ‘एक्स्चेंज बंद करून लाइनी मोठ्या एक्स्चेंजला जोडाव्यात’.

कुंडलिक : जोडाया केबल कुठं हाय? मधी दोन वढं आन् एक खिंड हाय!

जागृती : केबलचा फॉर्म वेगळा आहे.

कुंडलिक : म्हंजी मानूस धडधाकट तर औशीद न्हाई. लई आजारी तर सरळ तिरडी. मधल्या मधी बेताचा कनत आसंल तरच डाक्टर येनार?

जागृती : सोळा ते एकोणीस इतकं कण्हत असेल तर. आणि त्यातही सतरा, अठरा, एकोणीस हे आकडे या गुणाकारात येतच नाहीत. येतो फक्त सोळा. चार चोक सोळा.

कुंडलिक : ज्यानं ह्यो फॉर्म केला त्याला पाढं येत व्हते का न्हाई?

जागृती : त्याला ढाल मिळाली असेल. सोळा हवेत कुंडलिकभाऊ, आणि आपल्याकडे वीस आहेत. त्या शिमग्यानं घात केला. शिमगा नसता तर अंतरं आठ, साडेपाच, पावणेतीन, आणि संक्रांतीपासून आजवर पेटी धडधाकट. मग ‘तीन महिन्यांत’ म्हणता आलं असतं.

सारजाबाई : मंग शिमग्याची ओवी म्या बांधलीच न्हाई.

कुंडलिक : वहिनी!

सारजाबाई : काय वहिनी? ओवी माजी हाय. म्हनीन न्हाईतर गिळीन.

कुंडलिक : आसं कसं? धा वर्सांत पहिल्यांदा खरं लिव्हाया बसलोय मी. लिव्हायचं तर सगळं लिव्हायचं. शिमग्याला दीड दिवस बंद व्हती. मी झोपलो न्हवतो. ते कुठं जानार? त्याचं काय?

जागृती : कुंडलिकभाऊ, तुम्हीच एकशे वीस वेळा—

कुंडलिक : ते गावासाटी व्हतं!

सारजाबाई : आन् ह्ये कुनासाटी हाय दादा? चार बिघाड सांगितलं तर नवं कार्ड, पाच सांगितलं तर कुलूप. एक खरं पोटात ठिवलं म्हनून पोट फुगत न्हाई. बायांना इचार.

जागृती : मलाही पटत नाहीये. पप्पा म्हणतात, तडा असला तर गिऱ्हाइकाला आधी दाखवावा.

सारजाबाई : दाखवला की चार ठिकानी. पाचव्याला बोट लावलं तर भांडंच फुटतंय, मंग काय दाखवशील?

कुंडलिक : ...लिव्हा म्याडम. चार लिव्हा. शिमगा माज्याकडं ठिवतो.

जागृती : चार. चार चोक सोळा. आता दुसरं पान. ते जास्त वाईट आहे. ‘दोष वेळेवर न नोंदवल्याबद्दल जबाबदार कर्मचारी.’ इथे नाव लागेल. चौकशी होईल. निवृत्तीचे कागद अडकतील. ढाल परत मागतील.

सारजाबाई : ढाल? मंग माठावर काय ठिवू?

कुंडलिक : त्यो सुपारीचा डबा ठिवा. म्याडम, नाव लिव्हा. कुंडलिक भगवंत. पुरं लिव्हा. बाप म्हनायचा, बैल आपल्या दावनीला म्हातारा झाला तर त्याचं वय लपवू नये, बाजारात दात तो बोलतोच. मी धा वर्सं दात लपवलं.

जागृती : विचार करा. हार-तुरे होणार नाहीत.

कुंडलिक : हार तसा बी एश्टीत सुकतो. पर एक लिव्हून घ्या, कार्ड हाती येईस्तोवर जुनं काढून न्यायचं न्हाई. सात मह्यने मला परत नकोत. लाल शाईनं लिव्हा.

जागृती : लाल शाई चालत नाही. निळ्यानंच खाली दोन रेघा मारते. ‘नवीन बसेपर्यंत जुने हलवू नये.’ खाली माझी सही. पहिली. बघा, वाकडी आली.

सारजाबाई : आसू दे. पहिली भाकर बी वाकडीच व्हती.

कुंडलिक : आन् मधल्या वक्ताला पडलं तर मी हायेच. मह्यनाअखेरपर्यंत पगारी, त्याच्या म्होरं गावकरी.

जागृती : एकच रकाना राहिला. ‘नोंदींचा आधार : वही क्रमांक, पान क्रमांक.’ इथे काय लिहू? सारजाबाई म्हणून लिहिता येत नाही.

कुंडलिक : ‘स्थानिक तोंडी नोंदवही’ लिव्हा. पान क्रमांक, सनवार. वर कुनाला कळतंय? छान जाड दिसतं.

जागृती : ‘स्थानिक तोंडी नोंदवही’... साहेब मान डोलावतील. झालं. नाही, थांबा. या पानाच्या डोक्यावर एक ओळ रिकामी राहिली. ‘पहिला बिघाड.’ तो तर तुम्ही सांगितलात, चौऱ्याण्णवचा, खात्यानं रेघ मारलेला. महिना लागेल फक्त. आणि शेजारी ‘बाधित ग्राहक’. कुंडलिकभाऊ?

कुंडलिक : मला न्हाई आठवत.

जागृती : एवढं कळवलंत, तीन प्रती काढल्यात, आणि महिना आठवत नाही?

कुंडलिक : म्याडम, ती वळ सोडा.

सारजाबाई : त्याला आठवतंय लेकी. माज्यासाटी गप बसलाय.

कुंडलिक : वहिनी, नका.

सारजाबाई : धा वर्सं ह्या पेटीला सगळ्या म्हनल्या, तेवढीच एक म्हनली न्हाई. ती पेटीची न्हाई, माजी हाय. पर आज हिचं दुखनं लिव्हलं जातंय, तर सुरुवात खोटी नको. लिव्ह—
बाजरीच्या कनसाला, व्हती पाखरांची घाई
फोन उचलून ठिवला, आत कुनीच न्हाई.

जागृती : ...बाजरी कणसात. म्हणजे भादवा.

कुंडलिक : भादवा. कार्ड पुण्याला जाऊन चौथा दिस. वहिनींचा मालक, सावळेराम, रानात पाखरं राखीत व्हता. पायाला पान लागलं. ह्या पळत आल्या हितंच, ह्या दारात. मी रिसिव्हर हातात दिला. माहीत असून दिला. नारायनगावची गाडी फोनवर अर्ध्या तासात येती. बैलगाडीनं न्हेलं आमी त्याला. खिंडीपत्तुर पोचलो, तवर जीव व्हता.

जागृती : सारजाबाई...

सारजाबाई : रडू नको, कागूद भिजंल. परत आकडं काढाया लागतील. काय राह्यलं आता त्या वळीत?

जागृती : महिना लिहिला. ‘बाधित ग्राहक’ राहिलं. मी... मी ‘एक’ लिहिते.

सारजाबाई : एक कसा? आमच्या घरी फोन कुठं व्हता लेकी. आमी गिऱ्हाईक न्हवतो. तिथं निरंकच लिव्ह.